रकाना अकरा

डिचोलीच्या बाजारामागे, चिऱ्याच्या पायरीवर
चपला काढाव्या की नको या विचारात मी उभा.
हातात टेप, बगलेत फॉर्म.
पतसंस्थेने पाठवलंय, नाट्यगृहाची किंमत काढून आण.
मंडळाला छपरासाठी कर्ज हवंय,
अठरा लाख.

रकाना एक, बांधकाम : चिरे, चुना, किंदळीचे वासे.
रकाना दोन, छप्पर : मंगळुरी कौलं, दोनशेएक फुटकी.
मधल्या रांगांत ऊन येऊन बसलेलं,
बिनतिकीट.

रकाना तीन, वय.
घनाभाई मयेकरांनी टॉर्च मारून तुळई दाखवली.
चाळीस वर्षं विंगेत उभं राहून दुसऱ्यांना शब्द पुरवलेला माणूस,
अजून कुजबुजतच बोलतो.
तुळईवर सुतारी पेन्सिलीने इनास मेस्ताने साल घातलंय,
एकोणीसशे तेरा. शेजारी छोटासा क्रूस.
त्याखाली : मजुरी येणे, दिवस चार.
‘दिली मग?’
‘ना. तेणें मागली ना.
बायलेक बसपाक एक कदेल मागलें.’
पहिल्या रांगेत, उजवीकडून तिसरी.
तिकीट कोणी कापत नाही तिचं.

मी टेप लावली. रुंदी सतरा इंच.
कुठल्या रकान्यात घालू?

मग पडदे. राजवाडा बरा आहे,
रस्ता उंदरांनी कुरतडलाय,
अरण्याला वाळवी,
तीही डावीकडून, खाणीच्या बाजूने.

रकाना सात, कागदपत्रं.
घनाभाईंनी पत्र्याची पेटी उघडली.
पोर्तुगीज अमदानीतली नाटकाची वही,
पानोपानी अॅडमिनिस्त्रादोरचा शिक्का,
आणि दुसऱ्या अंकात एक ओळ
लाल पेन्सिलीने अशी खोडलेली
की कागद फाटायचा बाकी.
‘मग त्या जागी काय म्हणायचे?’
‘काय नाही. राजा खोकायचा.’
सगळ्या गावाला ओळ पाठ.
लोक खोकल्याला टाळ्या द्यायचे,
आणि पहिल्या रांगेतला शिपाई, सरकारी टोपी मांडीवर ठेवून,
घशाच्या औषधाचं नाव सुचवायचा.

आता थोडं माझं.
दोन हजार सात साली, याच तालुक्यात,
एका हंगामात मी बत्तीस ट्रक पास केले.
ट्रकमागे पंधरा मिनिटं.
परतावा : उत्तम.
माझंच अक्षर, माझीच सही.
मुळगावच्या वळणावर त्यातले सहा अजून उभे आहेत,
एकाच्या केबिनमध्ये कोंबडी अंडी घालते.
त्या प्रकरणांत मला
एकाही मालकाचं नाव आठवत नाही.

सात वाजले, तालमीची माणसं आली.
पंचायतीतली कारकून, यामिनी गावडे,
दिवसभर घरपट्टीच्या पावत्या फाडून
आता कमरेला ओढणी बांधून राजा झाली.
मी निघणार होतो. फॉर्म भरत आला होता.
दुसरा अंक लागला,
ती बोलत बोलत पुढे आली, थांबली,
आणि खोकली.

शिक्का मारणारे जाऊन साठ वर्षं होऊन गेली.
ती ओळ आता कोणीही, कुठेही, ओरडून म्हणू शकतं.
‘मग अजून खोकला कशाला?’ मी विचारलं.
घनाभाईंनी ओठांवर बोट ठेवलं.
विंगेत बोलायचं नसतं.

रकाना अकरा, अपेक्षित परतावा.
बाहेर पायरीवर बसून, स्कूटरच्या उजेडात,
बराच वेळ पेन झटकलं.
मग लिहिलं :
येणे नाही. देणे आहे. आपल्याकडून.
चार दिवसांची मजुरी, एकोणीसशे तेरापासून,
व्याज धरून अठरा लाख,
आणि तेही कमीच.

चेअरमन ही ओळ खोडणार.
त्यांच्याकडे लाल पेन आहे, मला माहीत आहे.
खोडू देत.
सोमवारी सभेत अहवाल मीच वाचणार आहे.
त्या जागी आलो
की खोकेन.